ब्रेक वाजतो तेव्हा

पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबा खिंडीतून जातो. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. येणारे-जाणारे तिथे हात जोडतात आणि उताराला लागतात. ब्रेकचे आवाज ऐकायचे तर या पट्ट्यात याहून चांगली जागा नाही. जुन्या टेम्पोच्या ड्रममधून जाड, घुमणारा आवाज येतो. मालाचा ट्रक हवेचा फुत्कार सोडत उतरतो. आणि केळव्याच्या समुद्रावर सुट्टी घालवून मुंबईला परतणारी एखादी ताकदवान टर्बो गाडी वळणावर वेग कमी करताना बारीक, टोकदार आवाजात किंचाळते. टेम्पोवाला त्या आवाजाकडे लक्षही देत नाही. टर्बो गाडीचा मालक मात्र अस्वस्थ होतो. एवढे पैसे मोजून घेतलेल्या गाडीचा ब्रेक वाजतो कसा, हा प्रश्न घेऊन तो सोमवारी गॅरेज गाठतो.

प्रश्न नवा नाही. डिस्क ब्रेक जन्मला तोच ओरडत.

फ्रेडरिक लँचेस्टर या बर्मिंगहॅमच्या इंजिनिअरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे, ही आजच्या कॅलिपरमागची कल्पना त्यात पूर्णपणे होती. लँचेस्टरने जबड्यांना तांबं लावलं. गाडी थांबायची, पण धातूवर धातू घासल्याचा आवाज असह्य असायचा. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ उघड्या तबकडीवर बसायची आणि तांबं भराभर झिजायचं. कल्पना पन्नास वर्षं पुढची होती. तिला मागे ठेवलं ते या आवाजाने आणि या धुळीने.

आवाजावर इलाज सापडला तो इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात. उतारावरून घोडागाडी उतरवताना शेतकरी चाकाच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावतात, हे हर्बर्ट फ्रूडने पाहिलं होतं. त्यावरून १८९७ मध्ये त्याने ब्रेकच्या अस्तरांवर काम सुरू केलं. पुढे चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी त्याचा फेरोडो कारखाना उभा राहिला. आधी कापसाचं विणलेलं, डिंकात मुरवलेलं अस्तर आलं. मग १९०७-०८ च्या सुमारास फ्रूड अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळला. हा खनिज तंतू जळत नाही, कापडासारखा विणता येतो आणि धातूला घट्ट धरतो. लँचेस्टरच्या ब्रेकची किंचाळी या अस्तराने बसली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या गाड्या अ‍ॅस्बेस्टॉसवर थांबल्या. त्याची किंमत किती मोठी होती, ते कळायला बराच काळ जावा लागला.

लँचेस्टरने पेटंट घेतलं त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक वापरात आणला. ड्रम बंदिस्त असतो. आतले दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, त्यामुळे धूळ-चिखल सहज आत जात नाही. बाजारात ड्रम जिंकला आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्याचंच राज्य चाललं.

पालघर-बोईसरच्या पट्ट्याने ब्रेकची विद्या शिकली ती या ड्रमवर, आणि गाड्यांआधी ट्रकवर. हा किनारा मुळात रेल्वेने जोडलेला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ साली मुंबईपर्यंत पोहोचली. रस्त्याच्या आड मात्र वसईची खाडी होती, वैतरणा आणि सूर्या होत्या. भात, गवत, लाकूड, मासळी हा इथला जुना माल. चित्र बदललं ते दोन गोष्टींनी. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज निघू लागली, आणि सत्तरच्या दशकात एमआयडीसीची तारापूर औद्योगिक वसाहत आकाराला आली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला पसरत गेले. कच्चा माल आत आणणारे आणि तयार माल बाहेर नेणारे ट्रक बोईसर-चिल्हार रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येऊ लागले. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि तिथल्या उद्योगांवर बंधनं आली, तेव्हा या ओझ्याचं केंद्र बोईसरच राहिलं.

पोलादाचं वेटोळं लादलेला ट्रक मेंढवणच्या खिंडीतून उतरतो, तेव्हा सगळा भार त्या ड्रममधल्या लायनरवर, म्हणजे शूच्या अस्तरावर येतो. म्हणून मनोर, चारोटी नाका, चिल्हार फाटा अशा थांब्यांवर पंक्चरवाल्याच्या शेजारी लायनरवाला हवाच. त्याचं काम कष्टाचं आणि नेमकं असे. झिजलेल्या लायनरचे रिबेट छिन्नीने उडवायचे, शू साफ करायचा, नवा लायनर बसवून पोकळ रिबेट ठोकायचे, तेही मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जात, म्हणजे लायनर शूला सपाट बसतो आणि मध्ये फुगत नाही. रिबेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाखाली पुरेसं खोल हवं. ते वर आलं की ड्रममध्ये चर पडतात आणि ब्रेक मारताना खरखर सुरू होते.

ड्रम किंचाळला तर हाच कारागीर कानस उचलत असे. लायनरची जी कड ड्रमला आधी भेटते ती तो तिरकी घासून मऊ करायचा. कड टोकदार असली की ती ड्रममध्ये रुतते, निसटते, पुन्हा रुतते आणि त्यातून आवाज उठतो. हे सूत्र कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं, हाताने शिकवलं होतं. लायनर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर त्यावर पॉलिश पेपर मारायचा. ड्रम ओव्हल झाला असेल तर लेथवर टर्न करून घ्यायचा. काही गाड्यांच्या ड्रमभोवती कंपन्या स्प्रिंगचा वेढाच घालत, ड्रम घुमू नये म्हणून. ती स्प्रिंग दुरुस्तीत काढून टाकली आणि परत बसवली नाही, की गाडी वाजायला लागायची आणि कारण कळायचं नाही.

हे लायनर येत कुठून? त्यातले पुष्कळसे लांबून येत नव्हते. फ्रूडचा फेरोडो १९२६ साली टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश अ‍ॅस्बेस्टॉस समूहाकडे गेला होता, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच नात्याची हिंदुस्तान फेरोडो ही कंपनी मुंबईत घाटकोपरला उभी राहिली. लालबहादूर शास्त्री मार्गावरचा हा कारखाना ब्रेक लायनिंग आणि क्लचचे फेसिंग बनवायचा. पुढे तिचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं आणि उत्पादन पैठण आणि भंडाऱ्याकडे सरकलं. मद्रासेत साठच्या दशकात ब्रेक्स इंडिया आणि राणे ब्रेक लायनिंग आल्या. लँचेस्टरची किंचाळी बसवणारं अस्तर अशा रीतीने महाराष्ट्रात बनू लागलं आणि अहमदाबाद महामार्गावरच्या ट्रकच्या चाकांत जाऊन बसलं.

इथे ही गोष्ट थांबून सांगावी लागते. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसात रुतून बसतात. कित्येक वर्षांनी अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, कधी फुप्फुसाचा कॅन्सर, कधी फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातला जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत, ठेवायला हवी, असं त्यात सांगितलं. आजार इतका सावकाश येतो म्हणूनच हा काळ इतका लांब ठरला. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कंपोझिट गिरणीच्या कामगारांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि दीर्घकाळ काम केलेल्या बऱ्याच कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचं त्यातून पुढे आलं.

कारखान्यातल्या कामगारांची निदान तपासणी झाली, खटले झाले. रस्त्याकडेच्या लायनरवाल्याची नोंद कुणी ठेवली नाही. ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी साचलेली असते. ती तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून टाकायची, ही या धंद्यातली सर्वांत साधी सवय. तीच सर्वांत घातक होती. आजही ड्रम किंवा कॅलिपर साफ करताना कोरडी हवा मारू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भुकटी भिजवून काढावी. लायनरच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत नेमकं काय आहे हे मेकॅनिकला डोळ्यांनी कळत नाही. त्याच्या छातीचा विचार गाडीच्या मालकानेही करायला हवा.

आवाजामागचं शास्त्र समजायलाही वेळ लागला. एच. आर. मिल्स यांनी १९३८ साली ब्रेकच्या किंचाळण्यावर अहवाल लिहिला. वेग वाढला की घर्षण कमी होतं आणि वेग घटला की वाढतं, त्यामुळे अस्तर धातूला चिकटत-सुटत राहतं, असा त्या काळचा विचार होता. सारंगीचा गज तारेला असाच धरतो आणि सोडतो, आणि तार बोलते. पण या एका कारणाने सगळे ब्रेक समजेनात. काही अस्तरांचं घर्षण वेगाने बदलत नव्हतं, तरी ती ओरडत होती. १९६१ च्या सुमारास आर. टी. स्पर यांनी दुसरी वाट दाखवली. हे संशोधक फेरोडोतलेच. पॅड, म्हणजे डिस्क ब्रेकच्या जबड्यातलं अस्तर, तबकडीला ज्या कोनात भिडतं त्या कोनामुळेच ते अडकतं, वाकतं आणि सुटतं, घर्षण स्थिर असलं तरी, असं त्यांनी मांडलं. पुढे १९७२ मध्ये एम. आर. नॉर्थ यांनी गणिताने दाखवलं की तबकडीच्या दोन वेगवेगळ्या कंपनांची लय घर्षणामुळे जुळली, की एक कंपन दुसऱ्याला ऊर्जा देत राहतं आणि आवाज आपोआप चढत जातो.

घाटातल्या लायनरवाल्याची कानस आणि स्परचं सूत्र एकाच जागी बोट ठेवतात. अस्तर धातूला कुठल्या कडेने, कुठल्या कोनात भेटतं, तिथे.

नॉर्थच्या मांडणीने आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. किंचाळणारा ब्रेक कमजोर असतोच असं नाही. उलट ज्या पॅडचं घर्षण जास्त, ज्याची पकड कडक, त्यात लय जुळण्याची शक्यता अधिक असते. साधारण एक हजार ते सोळा हजार हर्ट्‌झच्या दरम्यान हा आवाज असतो आणि माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून कंपन सूक्ष्म असलं तरी माणूस दचकतो.

डिस्क परत आली ती शर्यतीतून. १९५३ च्या ल मान्समध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जॅग्वार सी-टाइप चालवली आणि चोवीस तासांत ताशी सरासरी १७० किलोमीटर राखून जिंकली. ड्रमच्या गाड्यांचे ब्रेक तापले की हातचे जायचे. ड्रम तापून फुगतो, अस्तरापासून दूर जातो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. डिस्क उघडी, वाऱ्यात, म्हणून चटकन निवते. दोन वर्षांनी सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क देऊन ती सामान्य खरेदीदारापर्यंत आणली.

आपल्याकडे ती बरीच उशिरा रुळली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊनच आयुष्यभर धावली, आणि याच रस्त्याने मुंबईची कित्येक कुटुंबं तिच्यातून महालक्ष्मीच्या जत्रेला किंवा डहाणूला जात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नव्या गाड्यांबरोबर पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी रूढ झाली. मग सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-दिल्ली महामार्ग चौपदरी होत गेला, पुढे दहिसर ते सुरत हा २३९ किलोमीटरचा पट्टा सहापदरी करायला घेतला, आणि पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या गाड्यांचा वेग एका पिढीत बदलून गेला. रस्ता रुंद होण्याच्या याच काळात वेगवान गाड्याही आल्या. कुर्ल्यातच बनणारी फियाट पालिओ २००१ मध्ये आली, तिचं १.६ लिटरचं जीटीएक्स रूप तरुणांना वेड लावणारं होतं. सचिन तेंडुलकरच्या नावाने तिची एस-१० ही मर्यादित आवृत्ती निघाली. २००४ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली, २०१३ मध्ये चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आली. अशा गाड्या आता बोईसरच्या सोसायट्यांमध्येही उभ्या दिसतात.

ब्रेकला वेगाचा हिशेब चुकवावा लागतो आणि तो वर्गाने वाढतो. दीड टन वजनाच्या गाडीत ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग १४० झाला की हाच आकडा ११ लाख ३० हजारांच्या घरात, म्हणजे जवळपास दुप्पट होतो. हे सगळं काही सेकंदांत उष्णता होऊन बिडाच्या डिस्कमध्ये शिरतं. म्हणून परफॉर्मन्स गाडीच्या पॅडमध्ये धातूचं, ग्रॅफाइटचं प्रमाण वेगळं असतं, आणि ती कडक असतात. ट्रॅकसाठी बनवलेली पॅडं तापल्यावर उत्तम धरतात आणि गप्प असतात. थंड असताना, सोसायटीच्या गेटपाशी हळूच ब्रेक दाबला की ओरडतात. पोर्शने २००१ च्या ९११ जीटी२ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या. त्याही थंड, ओल्या असताना आवाज करतात. त्यामुळे मेकॅनिकचा पहिला प्रश्न योग्यच असतो: आवाज कधी येतो? सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला, की घाट उतरल्यावर? हळू दाबल्यावर, की जोरात? सरळ जाताना, की वळताना? पाय ब्रेकवर नसतानाही?

या प्रश्नांची उत्तरं पालघर-बोईसरमध्ये वेगळी निघतात, कारण इथली हवा वेगळी आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, चिंचणी-तारापूरचा खारा वारा, सातपाटीहून येणाऱ्या मासळीच्या टेम्पोंतून रस्त्यावर ठिबकणारं मिठाचं पाणी, वसाहतीतल्या रसायनांची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत वर होतं. बीड म्हणजे लोखंडच. पावसाळ्यात एका रात्रीत डिस्कवर नारिंगी गंज चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकला तो घासून निघतो आणि तोपर्यंत गाडी वाजते. हा आवाज निघून गेला तर पान्याला हात लावायचं कारण नाही.

गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर गोष्ट वेगळी. पॅड डिस्कला जिथे टेकलं होतं तिथे त्याचा ठसा उठतो, भोवतीचा भाग गंजतो, आणि मग प्रत्येक फेरीला त्या जागी ब्रेक थरथरतो. खाऱ्या हवेतला आणखी कपटी प्रकार म्हणजे अस्तराखालचा गंज. पॅडच्या लोखंडी पाठीवर किंवा ड्रमच्या शूवर अस्तराच्या खाली गंज फुगतो आणि अस्तराला वर ढकलतो, कधी तडा पाडतो, कधी पूर्ण सोडवतो. वरून पॅड जाड दिसतं, मेकॅनिक म्हणतो अजून सहा महिने चालेल, आणि एके दिवशी अस्तर पाठीपासून वेगळं होतं. समुद्राजवळच्या गाडीचं पॅड फक्त जाडी बघून पास करू नये, त्याची कडही बघावी.

चांगला मेकॅनिक चाक काढण्याआधी ऐकतो आणि काढल्यावर मोजतो. सतत बारीक शिट्टी येत असेल आणि ब्रेक दाबल्यावर ती बदलत असेल, तर पॅडवरची झिजेची पट्टी डिस्कला लागलेली असू शकते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरलं की घासावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. आवाज हाच तिचा निरोप आहे. ती पट्टी पकडीने वाकवून आवाज बंद करून देणारे लोक आहेत. तो इलाज नाही, गुन्हा आहे. आतलं पॅड झिजलेलं आणि बाहेरचं जाड असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिना जाम झाल्यात, आणि किनाऱ्यावर हे सर्रास होतं. पिना काढून साफ करायच्या, रबरी बूट फाटलेत का पाहायचं, आणि सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिरॅमिक ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस रबराला फुगवतं, आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या पाठीमागची पातळ शिम आणि बाजूच्या क्लिपा जागेवर आहेत का, हे पाहायला मिनिटभर लागतं, पण स्वस्तातल्या पॅडच्या खोक्यात त्या येतच नाहीत, आणि जुन्या फेकून दिलेल्या असतात. या पट्ट्यातल्या किती गाड्या फक्त शिम नसल्यामुळे वाजत असतील! कधी कारण याहून साधं असतं. रस्त्यावरची बारीक खडी डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये अडकते. तो पत्रा वाकवून सरळ केला की पायाखालचा भयंकर वाटणारा आवाज थांबतो.

मग डिस्क. तिची जाडी मायक्रोमीटरने मोजायची, किमान किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. डायल गेज लावून ती लहरते का बघायचं. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून फार जास्त लहर चालत नाही. स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं गॅरेजमध्ये लगेच म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती वाकलेली क्वचितच असते. तापलेल्या पॅडचा थर काही जागी जास्त चिकटलेला असतो, कारण घाट उतरल्यावर किंवा महामार्गावरून जोरात येऊन टोलनाक्याच्या रांगेत थांबल्यावर चालकाने पाय ब्रेकवर दाबूनच ठेवलेला असतो. लेथवर डिस्क टर्न केली तर थर जातो, पण डिस्कही पातळ होते. दोन-तीनदा टर्न केल्यावर ती लवकर तापते आणि त्रास परत येतो. एकदा मोजून, गरज असेल तर डिस्क आणि पॅड एकदमच बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

नवीन पॅड बसवल्यावर सर्वांत जास्त दुर्लक्षित काम उरतं, ते बसवून घेण्याचं. ताशी साठ-सत्तरच्या वेगावरून मध्यम जोराने वेग पंधरा-वीसपर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा करून मग गाडी थोडा वेळ ब्रेक न लावता चालवायची, म्हणजे डिस्क निवते आणि पॅडचा पातळ, सारखा थर तिच्यावर बसतो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर ट्रकच्या मध्ये हे करता येणार नाही, मोकळा पट्टा आणि पहाटेची वेळ शोधावी लागते. पण हे न करता परत दिलेली गाडी आठवड्यात वाजत परत येते आणि दोष पॅडवर जातो. त्याच वेळी ब्रेक ऑइल बदलून घ्यावं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि या किनाऱ्याच्या दमट हवेत ते पाणी हमखास शोषतं. आवाजाशी त्याचा संबंध नाही, पण वाघोबा खिंड उतरताना ब्रेक पोकळ का लागतो याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

पॅडमध्ये काय असावं, यावर आता आवाजाइतकाच धुळीचाही विचार होतो. अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर पॅडमध्ये तांब्याचे तंतू भरपूर आले, उष्णता वाहून न्यायला. ते तांबं झिजून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत गेलं आणि माशांना बाधू लागलं, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला. २०२१ पासून ५ टक्के आणि २०२५ पासून अर्धा टक्का, एवढीच तांब्याला मुभा. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत २०२६ च्या नोव्हेंबरपासून नव्या प्रकारच्या पेट्रोल-डिझेल मोटारींच्या ब्रेकमधून किलोमीटरला ७ मिलिग्रॅमहून जास्त सूक्ष्म धूळ निघता कामा नये, विजेच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे. पॅडचं मिश्रण पुन्हा एकदा मुळापासून बदलतंय, आणि प्रत्येक नव्या मिश्रणाबरोबर त्याचा आवाजही नव्याने समजून घ्यावा लागणार आहे.

विजेच्या गाड्यांनी आणखी एक गुंता आणला. त्या बहुतेक वेळा मोटरनेच वेग कमी करतात आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरतात. डिस्क क्वचितच वापरली जाते, म्हणून गंजत राहते. तारापूर-चिंचणीसारख्या ठिकाणी तर अधिकच. अशा गाडीला दर काही दिवसांनी, मागे कुणी नाही हे पाहून, दोन-चारदा नेमका आणि जोरदार ब्रेक मारायला हवा, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर चाकं उतरवून पिना साफ करून घ्यायला हव्यात. फोक्सवॅगनने २०२० मध्ये युरोपात आणलेल्या आयडी.३ या विजेच्या गाडीला मागच्या चाकांना मुद्दाम बंदिस्त ड्रम दिले. ओल-धुळीपासून ते वाचतात, आणि झिजेची भुकटी आतच राहते. ड्रम उघडून शू वाचणारे, लायनरची कड हाताने ओळखणारे जुने कारागीर चारोटी-मनोरच्या रस्त्यावर अजून काम करतात. कॅलिपर आणि सेन्सर शिकलेल्या मुलांनी ड्रमचं काम त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवं, तोंडावर मास्क आणि हातात ओलं फडकं ठेवून.